चांद लागलेली सुकेळी

मला राग लवकर येतो आणि मी दहावीला विज्ञान शिकवते. या दोन गोष्टी एका बाईत असू नयेत, असं माझ्या शिकवणीतली मुलं माझ्या पाठीमागे म्हणतात. पाठीमागे म्हणजे ओट्याच्या पायरीवर, चपला घालता घालता. मला सगळं ऐकू येतं.

शिकवणी आमच्या ओट्यावरच भरते. घर वसईत, पापडी गावापासून फार लांब नाही. मागे केळीची वाडी, पुढे अंगण, आणि ओट्यावर संध्याकाळी आठ-दहा मुलं, त्यांच्या बाटल्या, त्यांचे लपवलेले मोबाइल. आणि दाराशी पाट टाकून बसलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. आईंच्या मांडीवर कायम काहीतरी काम असतं, वालाच्या शेंगा नाहीतर लसूण, पण ते निमित्त. खरं कारण त्या शिकायला बसतात. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, तिची उरलेली बाकी त्या आता माझ्याकडून वसूल करून घेतात.

त्यांचे प्रश्न मुलांपेक्षा अवघड असतात. मी गुरुत्वाकर्षण शिकवत होते तेव्हा त्यांनी शेंग सोलता सोलता विचारलं, “सगळ्यांना जमीन खाली ओढते, तर मग चुलीचा धूर वर का जातो?” मुलं खूश. मला हवेच्या घनतेवर घसरावं लागलं आणि त्या दिवशीचा धडा अर्धाच राहिला. आरशाच्या धड्याला त्यांनी चमच्यात तोंड बघितलं, उलटं दिसलं, आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चमचा दिला. मी चिडायचे. “आई, परीक्षा मुलांना आहे, तुम्हाला नाही.” त्या म्हणायच्या, “म्हणून तर मला मजा येते.”

आमच्या घरात भाषा दोन आहेत. शेजारणींशी आई जे बोलतात ते मला पहिलं वर्षभर निम्मं कळत नव्हतं. मी सोलापूरकडची. माझ्याशी आणि मुलांशी बोलताना त्या आपली बोली अर्ध्या वाटेवर आणून सोडतात. तेवढंच ‘नाय’ आणि ‘हाय’ उरतं.

पहिल्या वर्षाचं सांगायचं तर माझं लोणचं सांगावं लागेल. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मी हौसेने माहेरच्या पद्धतीचं कैरीचं लोणचं घातलं. महिन्याभरात बरणीत पांढरी बुरशी. नेमक्या तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, घरी आलेल्या. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडणार एवढ्यात आई म्हणाल्या, “बरणी ओली राहिली असणार. मीच पुसली होती.” विषय तिथेच संपला. मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे त्याचा विचारही केला नाही.

आता सुकेळी. वसईबाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची, उन्हात आठवडाभर वाळवायची. दिवसा बांबूच्या तट्ट्यांवर पसरायची, रात्री टोपलीत भरून घरात. रोज उलटायची, हलक्या हाताने दाबायची. शेवटी मधासारखा रंग येतो, मग केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून बांधायची. साखर नाही, तेल नाही, काही नाही. नुसतं ऊन आणि वारा. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा सोलापूरच्या लोकांचं आयुष्य फुकट गेलं असं मला वाटलं होतं.

आमच्या घरची सुकेळी मोठ्या सासूबाई करायच्या, म्हणजे आईंच्या सासूबाई. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय. त्यांच्यामागे आत्याबाई करायच्या. दर थंडीत त्या आठ-पंधरा दिवस माहेरी येऊन राहायच्या आणि आई त्यांच्या हाताखाली. आई लोंगरं, म्हणजे केळ्यांचे घड, उतरवून घ्यायच्या, पानं वाळवायच्या, अंगण झाडायच्या, पण सोललेल्या केळ्याला बोट लावायच्या नाहीत. मला वाटायचं, आत्याबाईंचा मान.

या थंडीत आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. फोनवर त्या रडल्याच. मागे लोंगरं तयार, एकेक केळं हाताएवढं. नवरा म्हणाला, “बाजारात देऊन टाकू. आता कोण करत बसणार?” आणि मी बघितलं, आईंचा चेहरा एकदम उतरला.

“कोण म्हणजे? आई करतील,” मी म्हटलं.

आई उठून आत गेल्या. मी मागोमाग. मला अर्धवट सोडलेलं आवडत नाही.

“माझ्या हाताला गुण नाय, बाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातची सुकेळी बिघडतात.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नव्या नवरीला मोठ्या सासूबाईंनी पहिल्याच थंडीत तट्ट्या दिल्या. सुकेळी चिकट झाली, आंबली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, तिसऱ्या वर्षीही. मोठ्या सासूबाईंची त्याच अंगणात, त्याच तट्ट्यांवर उत्तम. शेवटी एकदा भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, त्या म्हणाल्या, “हिच्या हाताला गुण नाही. हिला केळ्याला हात लावू देऊ नका.” तेव्हापासून आईंनी लावला नव्हता. हे त्या सांगत होत्या ते अगदी सरळ, आपल्याला अमुक रंग शोभत नाही असं सांगावं तसं. पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या.

मला असा संताप आला की मी भिंतीवरच्या फोटोकडे बघून बोललेच. “हाताला गुण म्हणजे काय असतं हो? हाताच्या कुठल्या भागात असतं?” आईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. “मोठ्या होत्या त्या. खोटं कशाला बोलतील? सुकेळी बिघडायची ती मी डोळ्यांनी बघितलीय.”

हे मात्र खरं होतं. सुकेळी बिघडायची. आणि मी विज्ञानाची बाई असून मला त्यावर उत्तर नव्हतं. नुसता राग म्हणजे उत्तर नव्हे, हे मी रोज मुलांना सांगते.

लोंगरं आठवडाभरात पिकणार होती. मधल्या दिवसांत मी उष्णतेचा धडा घेत होते, त्यात दवबिंदू येतो. मी स्टीलच्या पेल्यात बर्फ घातला. थोड्या वेळात पेला बाहेरून ओला झाला. मुलांना विचारलं, हे पाणी कुठून आलं? विरारहून येणारा एक जण म्हणाला, “टीचर, ग्लास लीक असेल.” हा मुलगा पुढे इंजिनिअर होणार आहे, त्याच्या आईने मला सांगून ठेवलंय.

मी समजावलं. हवेत पाण्याची वाफ असतेच. गरम हवेत ती जास्त मावते, गार हवेत कमी. डबा लहान केला की धान्य सांडतं, तसं हवा गार झाली की न मावलेली वाफ पाणी होऊन गार वस्तूवर बसते. सूर्य मावळला की जमीन, पानं, कौलं आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि गार होतात. वर ढग असले तर ते गोधडीसारखे, उष्णता अडवतात. आकाश निरभ्र असलं की गोधडी नाही, म्हणून दव जास्त. आणि आपल्याकडे समुद्र जवळ, राजोडीच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात आधीच दमटपणा, म्हणून आणखी जास्त.

“आणि चांदाने?” आई म्हणाल्या.

“चांदाने काय?”

“चांद लागला की ओलं होतं ना. सुकेळ्याला चांद लागू द्यायचा नाय. चांद उगवायच्या आधी आत घ्यायची. आमच्या घरची रीत हाय ती.”

मुलं हसली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी थांबलं. मग मी सांगितलं, की चंद्राला स्वतःचा उजेडच नाही. सूर्याचाच उजेड त्याच्यावर पडून आपल्याकडे येतो, आणि इतका क्षीण होऊन येतो की त्याने ना काही तापतं ना भिजतं. निरभ्र रात्री चंद्र लख्ख दिसतो आणि निरभ्र रात्रीच दव जास्त पडतं. दोघं बरोबर दिसतात म्हणून लोकांनी एकावर दुसऱ्याचा आळ घातला.

“म्हणजे चांद नसला तरी दव पडतं?”

“आई, अमावास्येलाही पडतं. दिवस मावळला की सुरूच होतं.”

त्यांचा हात शेंगेवर थांबला.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या घरची मुलगी बोलली. ख्रिस्ती कुटुंब, त्यांचीही केळीची वाडी, आणि त्यांच्या घरच्या सुकेळ्यांचं सगळीकडे नाव. मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. ती म्हणाली, “आमच्याकडे चंद्राचं काही नसतं टीचर. दिवस मावळताना चर्चची घंटा झाली की आजी ओरडते, सुकेळी आत घ्या. मग प्रार्थना. रोज तसंच.”

“त्यांच्या हाताला गुण हाय,” आई आपोआप बोलून गेल्या. मला काहीतरी दिसायला लागलं होतं.

“आई,” मी विचारलं, “मोठ्या सासूबाई सुकेळी घालायला कधी सुरुवात करायच्या?”

“शुद्धात. चांगलं काम शुद्ध पक्षातच. त्यांची पहिली लोंगरं शुद्धात व्हायची, मग उरलेली माझ्याकडे.”

“म्हणजे तुमची वद्यात.”

“हो. नेहमी.”

मी फळ्याकडे वळले आणि खडूने चंद्र काढायला लागले. शुद्ध पक्षात सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आकाशात आधीच असतो, नाहीतर पौर्णिमेला त्याच सुमारास उगवत असतो. चंद्र लागू नये म्हणून सुकेळी दिवसाउजेडीच आत जाणार. वद्य पक्षात मात्र चंद्र रात्री उगवतो, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊणएक तास उशिरा. मग नवी सून काय करणार? सगळ्यांची जेवणं वाढणार, भांडी घासणार आणि चंद्र उगवायच्या आत, रीत पाळून, तट्ट्या उचलणार. तोवर त्यांच्यावर दव पडून गेलेलं.

मी हे मुलांना सांगत होते, पण वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती. बघितलं तेव्हा आई फळ्याकडे बघत होत्या, डोळे बारीक करून.

“असेलही,” त्या म्हणाल्या. “नसेलही. तू फळ्यावर काय पण काढशील.”

मला हसू आलं आणि रागही आला. पण त्यांचं बरोबर होतं. माझं सांगणं पटायला सुंदर होतं, एवढंच. शेजारची मुलगी म्हणाली, “टीचर, मग प्रयोग करू या ना. वद्य पक्षच चालू आहे.” त्या पोरीला मी आयुष्यभर विसरणार नाही.

प्रयोग तिनेच मांडला. चार तट्ट्या. दोनांवरची केळी आईंनी सोलून पसरायची, दोनांवरची मी. रोज संध्याकाळी घंटेला दोघींची एकेक तट्टी आत घ्यायची. दोघींची उरलेली एकेक आमच्या रितीने बाहेर ठेवायची, जेवणं आटपेपर्यंत. बाकी ऊन, वारा, अंगण, सगळं सारखं. कुठली तट्टी कोणाची हे त्या मुलीने एकटीने लक्षात ठेवायचं आणि शेवटी केळी टोपल्यांत भरून टोपल्यांची जागा बदलून टाकायची. “म्हणजे चीटिंग नको,” विरारचा मुलगा म्हणाला, आणि स्वतःच्या अनुभवावरून बोलल्यासारखा लाजला.

आई तयार होईनात. “हात दाखवून अवलक्षण कशाला? एवढी लोंगरं वाया घालवायची?” दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेले तर त्या केळ्यांसमोर बसलेल्या. आंघोळ करून, केस बांधून. पहिलं केळं त्यांनी असं सोललं की मला बघवेना. ज्या हातांनी त्यांनी दोन मुलं वाढवली, आजारी नवऱ्याची सेवा केली, माझ्या बाळंतपणात मला न्हाऊमाखू घातलं, ते हात एका केळ्याला घाबरत होते. मी शेजारी बसून माझी केळी सोलायला लागले आणि मुद्दाम वाईट सोलली, मग लक्षात आलं की प्रयोग बिघडेल, म्हणून नीट सोलली.

आठवडाभर आमचं घर त्या चार तट्ट्यांभोवती फिरलं. शिकवणीला मुलं अर्धा तास आधी यायची. बाष्पीभवन कशाकशावर अवलंबून असतं हे मी एरवी घोकून घेते, पालथ्या घड्यावर पाणी. या वेळी मुलं आपण होऊन सांगत होती, की आज वारा होता म्हणून भराभर सुकलं, मोठं केळं दाबलं की पसरतं आणि लवकर वाळतं. घंटा झाली की शेजारची आजी कुंपणापलीकडून आमच्याही नावाने ओरडायची, “घ्या गं आत!” नवरा ऑफिसातून येऊन आधी तट्ट्या बघायचा. आई मात्र तट्ट्यांकडे बघायच्या नाहीत. काम करायच्या आणि नजर फिरवायच्या. रात्रीचं जेवण त्यांना धड जात नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, “माझी बिघडली तर मुलांसमोर सांगू नको हं.” मी मान हलवली. मला त्या वेळी विज्ञान वगैरे काही सुचत नव्हतं. नुसतं वाटत होतं, देवा, हिची चांगली होऊ देत.

शेवटच्या दिवशी ओट्यावर चार टोपल्या मांडल्या. मुलं गोल बसली, कोणी मोबाइल काढला नाही. शेजारच्या मुलीने तोंड घट्ट मिटलेलं. आईंनी एकेका टोपलीत हात घातला, सुकेळं काढलं, वास घेतला, बोटाने दाबलं. सुकेळं ओळखण्यात त्यांना कोणी हरवणार नाही, आयुष्यभर दुसऱ्यांचीच तर पारखली होती.

“ही उत्तम. ही आंबली. हीपण गेली, बुरशी धरलीय. आणि ही उत्तम.” त्यांनी दोन टोपल्या माझ्याकडे सारल्या आणि दोन स्वतःकडे ओढल्या. “या दोन चांगल्या, त्या सुनेच्या. बिघडलेल्या माझ्या.” आणि मुलांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. “बघा, आजी नापास.”

“नाही आजी,” ती मुलगी म्हणाली. “ही आंबलेली तुमची, पण ही बुरशीवाली टीचरची आहे. आणि ही चांगली टीचरची, आणि ही, ही सगळ्यात चांगली, ही तुमची. घंटेला आत घेतलेली.”

आईंनी ती टोपली परत पुढ्यात ओढली. पुन्हा एक सुकेळं काढलं, पुन्हा वास घेतला. मग एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि खूप वेळ चघळत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मुलं घाबरून माझ्याकडे बघायला लागली. विरारचा मुलगा उठला, आईंच्या पाया पडला आणि म्हणाला, “आजी, एक मला?” मग सगळ्यांनीच हात पुढे केले आणि टोपली रिकामी व्हायला वेळ लागला नाही.

रात्री मी बघितलं, आईंनी त्यातली चार सुकेळी आधीच काढून मोठ्या सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवली होती. मला ते आवडलं नाही. मी म्हटलंही, “त्यांना कशाला? त्यांनी तुम्हाला एवढं बोलून ठेवलं.”

“त्यांना तरी कुठे माहीत होतं?” आई म्हणाल्या. “त्यांना त्यांच्या सासूने चांदाचंच सांगितलं होतं.” त्या पानं सारखी करत होत्या. मागे अजून लोंगरं पिकायची होती आणि ती सगळी त्या करणार होत्या, हे त्यांनी आत्याबाईंना फोनवर सांगूनही टाकलं होतं. आत्याबाई पलीकडून एवढंच म्हणाल्या म्हणे, मलापण पाठव.

मी त्यांच्याशेजारी बसून पानं पुसायला लागले. सहज सुचलं म्हणून विचारलं, “आई, माझं ते पहिलं लोणचं बुरसलं होतं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?”

त्या हसल्या. “काय वाटणार? वाटलं, हिच्याही हाताला गुण नाय.”

“पण तुम्ही तर म्हणालात, बरणी ओली राहिली. तुम्हीच पुसली होती.”

“मीच पुसली होती,” आई म्हणाल्या आणि पुढचं पान उचललं. “कोरडी होती.”